आमच्या वाट्याचं खरं औषध

१४ सप्टेंबर

सलूनमध्ये दिवसभर गावातल्या बायकांची रडगाणी मी ऐकायची, माझं रडगाणं ऐकायला कोण आहे? ऑरेस्टला सांगायला जावं तर तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली पाना घेऊन आडवा पडलेला. नवरा गुणी आहे, पण दहा वाक्यांना एक "हं". म्हणून ही वही.

आज लेस्याचं नाव नव्या औषधाच्या अभ्यासात घातलं. बारा वर्षांची पोर, सकाळी उठते तेव्हा भिंतीला धरून चालते. संधिवात म्हटलं की लोक म्हणतात, तो म्हाताऱ्यांना होतो ना? दोन वर्षं हेच ऐकतेय. असलेली सगळी औषधं झाली. तिचे नाचाचे लाल बूट कपाटात धूळ खात पडलेत. आता सास्काटून शहरातल्या इस्पितळात नव्या इंजेक्शनवर संशोधन चाललंय. डॉक्टर बोशां बाईंनी सगळं समजावून सांगितलं. पहिले चार महिने सगळ्या मुलांना खरं औषध. ज्यांना गुण येईल त्यांच्यात जानेवारीत चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना औषध चालू, निम्म्यांच्या सुईत नुसतं पाणी. कुणाच्या सुईत काय, हे आम्हाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

मी म्हटलं, "बरं झालेल्या पोरांना पाणी टोचायचं? ही कुठली तऱ्हा?"

"त्याशिवाय औषधानं बरी झाली की आपोआप, हे कळणार कसं?" त्या म्हणाल्या. "आणि ज्या मुलाचे सांधे पुन्हा सुजतील त्याला आम्ही वाट बघायला लावणार नाही. त्या दिवसापासून त्याला उघडउघड खरं औषध. फक्त आम्हाला लगेच कळलं पाहिजे. सुजलेला सांधा तसाच राहिला तर आतून झिजतो, आणि झिजलेलं परत येत नाही."

सांधे तपासायला वेगळीच बाई येते. तिनं मुलांशी किंवा आईबापांशी औषधाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, म्हणजे तिच्या मनात काही भरत नाही. येते, एकेक सांधा बोटांनी दाबते, आकडे सांगते, चालू लागते. मग आईची पाळी. एका आडव्या रेघेवर खूण करायची. डावं टोक म्हणजे मूल ठणठणीत, उजवं टोक म्हणजे हाल. पॅट्रिस नावाची नर्स आहे, ती म्हणाली, "तुमची खूणसुद्धा हिशेबात धरतात हं. सूज किती, रक्तात काय, तसंच आईला काय वाटतं." मी उजव्या टोकाला अशी खूण केली की कागद फाटायचा राहिला.

बाहेर बाकावर जोआन रेम्पेल नावाची बाई होती. मेनोनाइट, म्हणजे त्या साध्या राहणीच्या देवभोळ्या ख्रिस्ती पंथातली, दक्षिणेकडच्या गावची, पाच मुलांची आई. केसांना आयुष्यात कात्री लागलेली नसावी, हे मी बघताक्षणी ओळखलं. तिची ॲनिका लेस्याएवढीच, तोच आजार, तोच अभ्यास. पोरींचं लगेच जमलं. जोआननं घरचे पाव काढले आणि सगळ्यांना वाटले. पाव चांगले होते, मेले.

६ ऑक्टोबर

तीन आठवड्यांत ॲनिका जिने चढायला लागली!

आज इस्पितळात जोआन सांगत होती, शांत आवाजात, जणू काही दूध उतू गेलं नाही एवढीच बातमी. "देवाची कृपा, नॅडिया. काल ती पायऱ्यांवरून धावली."

"अगं, किती छान!" मी म्हटलं. आतून अंगाचा तिळपापड झाला होता. आमची अजून भिंतीला धरून. औषध तेच, सुई तीच, मग हिलाच का? माझ्या मांडीवर खसखशीचा रोल होता, जोआनच्या पावांना उत्तर म्हणून पहाटे उठून केलेला. तिनं खाल्ला आणि कृती विचारली. आता कृती विचारल्यावर माणूस रागवणार तरी कसं?

लेस्या घरी येताना म्हणाली, "ॲनिका म्हणते, मलाही गुण येईल. तिचा गुडघा आधीपासून कमी सुजलेला होता म्हणून तिला लवकर आला."

"ॲनिका डॉक्टर आहे का?"

"तू का चिडतेस?"

मी चिडले नव्हते. मी गाडी चालवत होते.

१० नोव्हेंबर

नाचली! स्वयंपाकघरात, मोज्यांवर. मी बटाट्याचं सारण भरायच्या पिरोगी लाटत होते, हात पिठात, आणि ही मागे गिरकी घेतेय. ऑरेस्ट दारात उभा राहून बघत होता. तो "हं" सुद्धा म्हणाला नाही, नाक पुसत बाहेर गेला.

जोआनला फोन केला. मुद्दाम केला, कबूल. "आमची नाचतेय," मी म्हटलं, "तुमची चढते ना अजून जिने?" ती इतकी खूश झाली की माझा सगळा विरसच झाला. फोनवरच देवाचे आभार मानायला लागली. आमच्या लेस्याबद्दल आमच्या आधी हिनं आभार मानायचे!

७ जानेवारी

काल आमच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ख्रिसमसची संध्याकाळ. बारा पदार्थ, माझ्या सासूच्या पद्धतीचे, एकही कमी नाही. लेस्यानं नाचाचा पोशाख घालून दाखवला. यंदा मी नवीन शिवला, बाह्यांच्या पट्ट्यांवर लाल-काळं भरतकाम, मनगटाला एकेक बटण. अंगासरशी बसला. मे महिन्यात नाचाचा मेळा आहे, पोर पहिल्या रांगेत.

तिनं तसाच फोटो काढून ॲनिकाला पाठवला. मिनिटभरात उत्तर, मग हसणं, मग पुन्हा टकटक. जेवायला तीनदा हाक मारली. मी म्हटलं, "घरातल्या माणसांशी पण बोलत जा कधीतरी." बोलली की. म्हणाली, "आई, ॲनिका म्हणते पोशाख भारी आहे." म्हणजे घरातल्यांशी बोलायला विषय काय, तर ॲनिका.

१९ जानेवारी

चिठ्ठ्या पडल्या. इस्पितळातून नव्या सुया मिळाल्या, जुन्यांसारख्याच. मी उजेडात धरून बघितल्या, हलवून बघितल्या. पॅट्रिस हसली. "सगळ्याच आया हेच करतात."

"जोआननं पण केलं?"

"जोआननं नाही."

नाहीच करणार. ती देवावर सोडून आली असेल सगळं.

परत येताना लेस्या विचारते, "माझ्यात पाणी असलं तर?"

"नाही असणार."

"पण असलं तर?"

"असं मनात आणलं की तसंच होतं," मी म्हटलं. आजारी माणसानं मन घट्ट ठेवावं, हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते.

१७ फेब्रुवारी

जोआनचा फोन. ॲनिकाचे दोन्ही गुडघे सुजले, एका रात्रीत. काल इस्पितळात नेलं, अभ्यासातली सुई बंद करून खरं औषध सुरू केलं. आवाज जड होता तिचा. मी म्हटलं, "अरेरे, बिचारी गं." फोन ठेवला आणि किटली चढवताना लक्षात आलं की मी गुणगुणतेय.

ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मनातून उकळ्या फुटत होत्या. तिच्या पोरीला पाणी लागलं, म्हणजे आमच्या पोरीला औषध लागलं. ऑरेस्टला हे सांगितलं तर म्हणतो, "असा हिशेब नसतो. दोघींनाही पाणी असू शकतं." या माणसाला नको तेव्हा बोलायला सुचतं.

२० फेब्रुवारी

व्हेरा केस रंगवायला आली होती. तिनं विचारलं, "तुमच्या लेस्याचं कसं काय?"

"आमची ठणठणीत. आमच्या सुईत खरं औषध आहे, डोळे मिटून सांगते."

"आणि ती दुसरी?"

"ती पहिल्यापासून तसलीच. नाजूक बाहुली. अंगात दम नाही तिथे औषध तरी काय करणार? आणि तिची आई! फार जिन्यांचं कौतुक सांगत होती. आता लंगडत लंगडत चढ म्हणावं जिने." व्हेरा एवढी हसली की तिच्या कपाळाला रंग लागला, मग मी पण हसले.

लेस्या केर काढत होती. मी म्हटलं, "झालं का गं?" "झालं," म्हणाली आणि आत गेली. अर्धे केस जमिनीवर तसेच. या वयात कामाचा कंटाळाच फार.

९ मार्च

आजकाल पोर माझ्याजवळ आलीय. वर्षभर स्वतःची वेणी स्वतः घालत होती, मला हात लावू देत नव्हती. आता सकाळी कंगवा घेऊन माझ्यापुढे येऊन बसते. "तू घाल ना, आई. तुझी छान बसते." काय बरं वाटतं म्हणून सांगू! जोआनला म्हणावं, घाल तुझ्या पाच पोरांच्या वेण्या.

हल्ली आंघोळीला फार वेळ लावते. गरम पाणी पार संपवते, ऑरेस्टला थंड पाण्यानं आटपावं लागतं. मोठी होतेय. खाणंसुद्धा बायकी झालंय, एका पिरोगीचे चार तुकडे करून बारीक बारीक घास घेते. आधी अख्खी तोंडात कोंबायची.

२३ मार्च

ईस्टरच्या अंड्यांवर नक्षी काढायला बसलो. दरवर्षी आम्ही दोघी बसतो, मेणबत्ती, मेणाची लेखणी, रंगांच्या बरण्या. तिची रेघ माझ्यापेक्षा बारीक असते, हे मी कुणाला सांगत नसले तरी खरं आहे. यंदा एक अंडं घेतलं, दोन रेघा काढल्या आणि ठेवून दिलं. "बोर होतंय."

"दरवर्षी होत नाही, यंदाच बरं झालं?"

"आई, प्लीज."

ॲनिकानं काही डोक्यात भरवलं असणार. त्यांच्यात अंडी-बिंडी रंगवत नाहीत. मी एकटीनं रंगवली. नंतर ऑरेस्ट म्हणाला, "ती आज हातमोजे दातांनी ओढून काढत होती."

"मग? तू नाही का नट दातात धरत?"

"हं," म्हणाला.

३० मार्च

इस्पितळात तपासणी. सांधेवाली बाई लेस्याच्या उजव्या मनगटाशी थांबली. दाबलं, पुन्हा दाबलं. लेस्या खिडकीकडे बघत होती, चेहऱ्यावर रेघ हलली नाही. बाईनं एक आकडा सांगितला आणि गेली. मग पॅट्रिस आली. "उजवं मनगट जरा भरल्यासारखं वाटतंय. काही झालं का?"

मी म्हटलं, "बर्फावरून घसरली असेल. आमच्या दारात नुसती काच झालीय."

पॅट्रिसनं लेस्याकडे बघितलं. "पडलीस का?"

"हो," लेस्या म्हणाली. "गेल्या आठवड्यात."

मला कसं कळलं नाही पडली ते? पण सांगत नाहीत मुलं सगळं. मग रेघेचा कागद आला. मी डाव्या टोकाला खूण केली, अगदी टोकाला, सुई टेकवावी तशी. बाहेर जोआन बसली होती, ॲनिका तिच्या शेजारी, पुन्हा तरतरीत झालेली. लेस्या आणि ती कोपऱ्यात जाऊन कुजबुजत बसल्या. ॲनिका एकदोनदा माझ्याकडे बघत होती. त्या पोरीची नजर मला आवडत नाही.

१४ एप्रिल

आज डोकं इतकं फिरलंय की व्हेराच्या कानाला कात्री लागता लागता वाचली.

जोआनचा फोन आला. आधी हवापाणी, मग पाचही मुलांची खुशाली, मग म्हणते, "नॅडिया, तू रागावू नकोस. लेस्याकडे जरा नीट बघशील का? तिचे हात बघ. सकाळी बघ."

"का? काय झालंय तिच्या हातांना?"

"मला ॲनिकानं सांगितलं. कुणाला सांगायचं नाही म्हणून वचन दिलं होतं तिनं लेस्याला. दोन रात्री रडली, मग सांगितलं. मी इस्पितळात परस्पर बोलणार नाही, पोर तुझी आहे. पण तू बघ."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिते. म्हटलं, "तुझ्या पोरीचे गुडघे सुजले म्हणून माझ्या पोरीचे हातही सुजावेत असं वाटतंय का तुला? आमच्या वाट्याला खरं औषध आलं, ते तुझ्या डोळ्यांत खुपतंय." म्हटलं, "मनात जळायचं आणि वर देवाचं नाव!" शेवटी म्हणाली, "मी तिच्यासाठी प्रार्थना करते," आणि मी फोन आदळला.

लेस्याला हाक मारली. "हात दाखव." तिनं दोन्ही हात पुढे केले आणि लगेच खिशात घातले. "दुखतात का?"

"नाही."

"त्या ॲनिकाला काय सांगितलंस?"

"काही नाही. तिचं तिनं काहीतरी धरलं मनात."

बघितलं? मला ठाऊकच होतं. पोटात दुखणारी माणसं अशीच असतात.

३ मे

मेळ्याचा दिवस. आज जे झालं ते सलग लिहायला जमेल की नाही ठाऊक नाही.

शाळेच्या जिममध्ये कपडे बदलायची जागा होती, पंचवीस पोरी, पंचवीस आया, तोंडात पिना. मी लेस्याला पोशाख चढवला. डाव्या बाहीचं बटण लागलं. उजव्या बाहीचं लागेना. ओढलं, तरी बोटभर फट. मी शिवलेली पट्टी ती, मापात मी चुकत नाही, आणि ख्रिसमसला ही सहज बसली होती. म्हटलं, "वजन वाढलं वाटतं तुझं." आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, डावी तर बसली. माणूस एकाच मनगटानं जाड होतं का?

मी तिचा हात हातात घेतला. त्या सांधेवाल्या बाईसारखा अंगठा ठेवला, दोन्ही बाजूंनी दाबला. लोण्यात बोट जावं तसं लागलं. गरम होतं. मी वर बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, चेहरा कोरा, अगदी त्या दिवशी खिडकीकडे बघत होती तसा. पण ओठ पांढरे पडले होते.

"कधीपासून?"

तिनं हात सोडवून घ्यायला बघितला.

"लेस्या, कधीपासून?"

"फेब्रुवारी संपताना."

"आणखी कुठे?"

"बोटं. जबडा. तोंड पूर्ण उघडत नाही."

माझ्या डोक्यात सगळं एकदम सुरू झालं. वेणी, अंडी, गरम पाणी, ते चार तुकडे. मी तिचे दंड धरले. आजूबाजूच्या आया बघायला लागल्या होत्या, बघू देत म्हटलं. "अगं, सांगितलं असतंस तर त्याच दिवशी खरं औषध मिळालं असतं! ॲनिकाला मिळालं तसं! तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग का नाही सांगितलंस मला?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. "'लंगडत लंगडत चढ म्हणावं जिने,'" ती म्हणाली. माझाच आवाज काढून म्हणाली, अगदी माझाच. "तू आणि व्हेरा हसलात. मग माझी बोटं सुजली. मला वाटलं, आता माझ्याबद्दल पण तू असंच बोलशील. अंगात दम नाही म्हणशील."

बाहेर संगीत सुरू झालं. त्यांच्या गटाचं नाव पुकारलं. मी तिचे बूट काढले. पहिल्या रांगेत एक जागा रिकामी ठेवून त्या पोरी नाचल्या आणि आम्ही दोघी गाडीत बसून ऑरेस्टची वाट बघत होतो.

५ मे

डॉक्टर बोशां ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं. मनगटात सूज, आणि हाडाच्या कडेला एक खाच. नखानं उकरल्यासारखी. "सूज जाईल," त्या म्हणाल्या. "खाच राहील. हात मागे पूर्ण वळणार नाही कदाचित. जबड्याचं आत्ता सांगता येत नाही."

"मार्चमध्ये कळलं असतं तर?"

त्यांनी फाइल मागे चाळली. "मार्चमध्ये मनगटाचा आकडा वाढला होता. पण मुलीला काही त्रास नाही असं आईची खूण सांगत होती, आणि पडल्याचं कारण होतं. सगळं मिळून सूज परतली असं धरता आलं नाही." मग म्हणाल्या, "आम्हीही जास्त खोदून विचारायला हवं होतं." मला आधार द्यायला म्हणाल्या असतील. खूण माझी होती. पडल्याचं कारणही मीच पुढे केलं, पोरीनं नुसती माझी री ओढली.

तिच्या सुईत पाणी होतं का, विचारलं. अभ्यास संपेपर्यंत ते कुणालाच कळणार नाही. औषध चालू असताना सुजणारी मुलंही असतात म्हणे. आजपासून उघड औषध. मी तीन महिने गावभर टेंभा मिरवला, "आमच्या वाट्याला खरं आलं." मिरवताना माझ्या पोरीचं हाड झिजत होतं.

९ मे

जोआनला फोन केला. तीनदा नंबर फिरवून ठेवला, चौथ्यांदा वाजू दिला. मी म्हटलं, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं." ती म्हणाली, "मला ते चूक निघालं असतं तर फार बरं झालं असतं गं." एखादीनं इतकं चांगलं असू नये. मी अजूनही तिच्यावर जळते, हे इथे लिहून ठेवते. आधी तिच्या पोरीच्या गुडघ्यांसाठी जळत होते. आता वेगळ्याच गोष्टीसाठी जळते. माझ्या पोरीला दुखलं तेव्हा तिनं त्यांच्या घरी सांगितलं.

व्हेरा आली होती. "काय म्हणतेय लेस्या?" मी म्हटलं, "आजारी आहे, आणि तिच्याबद्दल या खुर्चीत बसून काही बोलायचं नाही." ती आरशातून बघत राहिली. केस कापून झाल्यावर पुढची वेळ न ठरवता गेली.

१२ जून

आज मनगटात आणि जबड्यात इंजेक्शन द्यायचं होतं. सुई मोठी, पडद्यावर बघत बघत घालतात. जोआन आणि ॲनिका त्यांच्या तपासणीला आल्या होत्या. पॅट्रिस म्हणाली, "आत एकाच माणसाला येता येईल. हात धरायला. लेस्या, कोण येऊ दे?"

मी उठलेच होते. पर्स खांद्याला लावली होती.

लेस्या जमिनीकडे बघत म्हणाली, "जोआन."

जोआननं माझ्याकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती, मी नुसती मान हलवली असती तरी. मी म्हटलं, "जा ना. पोर बोलावतेय." कसं म्हटलं ते माझं मला ठाऊक. दार लागलं. मी लेस्याचा कोट मांडीवर घेऊन बसले. सहा महिन्यांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की जळफळाटानं छाती खरोखर दुखते, तर मी हसले असते.

ॲनिका शेजारी होती. बराच वेळ पाय हलवत बसली, मग म्हणाली, "मी वचन मोडलं म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"नाही," मी म्हटलं. "अजून आधी मोडायला हवं होतंस." बारा वर्षांच्या पोरीला हे काय बोलणं? लगेच म्हटलं, "नाही गं. तू तरी मोडलंस."

आतून लेस्याचा आवाज आला, एकदा. मी उभी राहिले आणि पुन्हा बसले.

परतीच्या वाटेवर ती खिडकीला डोकं टेकून होती, मनगटाला पट्टी, फोन मांडीवर. दोन्ही बाजूंनी मोहरी कोवळी हिरवी उगवलेली. मी काही विचारलं नाही. गेले पाच आठवडे मी रोज विचारतेय आणि रोज "ठीक आहे" ऐकतेय, आज विचारायची हिंमत नव्हती. अर्धा रस्ता झाला असेल.

"आई."

"काय गं?"

"दुखतंय."

"मनगट?"

"मनगट. आणि जबडा, थोडा. आणि डावा घोटा. तो कालपासून दुखतोय. तिथं कुणाला सांगितलं नाही मी."

मी गाडी कडेला घेतली. धान्याचे दोन ट्रक भोंगा वाजवत गेले. तिचा बूट काढला, मोजा काढला, घोटा हातात घेतला. कोमट होता. तिनं "आ" केलं. केलं, लपवलं नाही. मी तिथूनच पॅट्रिसला फोन लावला, घोटा सांगितला, आणि तिनं सोमवारी या म्हणून सांगितलं. लेस्याचा फोन अजून मांडीवर पालथाच होता. तिनं ॲनिकाला काही कळवलं नव्हतं, जोआनला आत हात धरूनही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, सगळ्यांच्या आधी. पोर दुखतंय म्हणत होती आणि मी तिचा पाय छातीशी धरून रस्त्याच्या कडेला आनंदानं रडत होते.